थांबलेल्या साइटचा आर्किटेक्ट

१७१२ च्या सुमारास स्वीडनचा राजा बेंदेरला बसून आपल्या राजवाड्याचे नकाशे बघत होता. बेंदेर हे आजच्या मोल्दोव्हातलं नदीकाठचं गाव. तेव्हा तो तुर्की सुलतानाचा मुलूख होता. राजा कार्ल बारावा तिथे नक्की कोण म्हणून राहत होता, पाहुणा, आश्रित की कैदी, हे त्या वेळी सुलतानालाही धड सांगता आलं नसतं. तीन वर्षांपूर्वी पोल्तावाच्या लढाईत रशियाच्या पीटरने त्याच्या फौजेची पार वाताहत केली होती. तिथून निसटून तो इकडे आला तो हललाच नाही. छावणीतूनच, पत्रांवर, राज्य चालवत राहिला. त्या टपालात सैन्यभरती, कर, कर्जं, रुसलेले सरदार, सगळं असायचं. आणि अधूनमधून स्टॉकहोमहून नकाशे यायचे. ज्या इमारतीचं काम पैसे संपले म्हणून बंद पडलं होतं, त्या इमारतीचे.

नकाशे पाठवणाऱ्याचं नाव निकोडेमस टेसिन. बापाचंही नाव तेच, म्हणून इतिहासात हा 'धाकटा टेसिन'. राजाच्या बाजूने पत्रं लिहायचा कास्टेन फेफ नावाचा त्याचा विश्वासू अधिकारी. राजाला हे कसं वाटलं, ते कसं हवंय, अमुक जागी काय करता येईल, असं तो कळवायचा. टेसिन बदल करून पुन्हा पाठवायचा. मध्ये अख्खा युरोप, त्यातला बराचसा शत्रूचा.

मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात शिकले आणि आता स्टॉकहोममध्ये नोकरी करते. क्लायंटकडे पैसे नाहीत, साइट बंद आहे, तरी रिव्हिजन चालू आहेत, ही अवस्था आमच्या धंद्यातल्या कुणालाही नवी नाही. पण क्लायंट परमुलखात अडकलेला, देशात प्लेग, तिजोरीत खडखडाट, आणि हे दोघं दर्शनी भिंतीवर चर्चा करतायत! टेसिनविषयी मी वाचायला लागले ती या टपालामुळे. राजवाडा मी रोजच बघत होते, त्याने मला कधी बोलावलं नव्हतं.

टेसिन जन्मला २३ मे १६५४ ला, निशेपिंग या गावी. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाने मुकुट उतरवून ठेवला, पुढे कॅथलिक पंथ स्वीकारला आणि रोमला जाऊन राहिली. प्रॉटेस्टंट स्वीडनला हा केवढा धक्का असेल! पण या पोराच्या नशिबाने तीच बाई पुढे उपयोगी पडली. बाप, थोरला टेसिन, मूळचा बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडचा. क्रिस्तिनाच्याच काळात तो राजाचा वास्तुकार झाला होता. १६७३ मध्ये मुलगा रोमला पोचला तेव्हा त्या माजी राणीच्या ओळखीने त्याला बर्निनीचं, म्हणजे त्या काळच्या रोममधल्या सगळ्यात नावाजलेल्या शिल्पकार-वास्तुकाराचं, दार उघडलं. बर्निनी तेव्हा पंचाहत्तरीचा. सेंट पीटर्सच्या समोरची ती खांबांची प्रचंड मिठी बांधून झालेली. कार्लो फोंताना त्याच्या हाताखाली तयार झालेला, आणि टेसिनला रोजचं शिक्षण मिळालं ते मुख्यतः फोंतानाकडून.

बर्निनी नुकताच एक मोठा अपमान गिळून बसला होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६५ मध्ये त्याला लूव्र राजवाड्यासाठी सन्मानाने पॅरिसला बोलावलं, आराखडे करून घेतले, पायाभरणी केली आणि मग काम गुंडाळून ठेवलं. बर्निनीचा लूव्र कागदावरच राहिला. मात्र तो आराखडा टेसिनने पुरता मुरवून घेतला. आज पाण्याच्या बाजूने स्टॉकहोमचा राजवाडा बघितला की बर्निनीच्या त्या न झालेल्या लूव्रची सावली दिसते: सलग लांब भिंत, एका रेषेत खिडक्या, वर कठडा, छप्पर जणू नाहीच. बर्फाच्या देशात छप्पर लपवायचा हट्ट! इथल्या पारंपरिक इमारतींचे उंच, काळे, उतरते माथे बघितले की कळतं, हा माणूस किती ठामपणे रोम घेऊन परतला होता.

रोमहून तो पॅरिसला गेला आणि १६८७-८८ मध्ये पुन्हा एक मोठा दौरा केला. या दौऱ्यातली त्याची टिपणं अजून आहेत. बागा, जिने, छतं, दरवाजे, कारंज्यांचं पाणी कुठून आणलंय, काय काय लिहून ठेवलंय. व्हर्सायच्या बागा आखणाऱ्या ल नोत्रशी त्याचा स्नेह जमला. यातून टेसिनने आपला एक साधा नियम बनवला आणि तो जन्मभर पाळला: इमारत बाहेरून इटालियन, आतून फ्रेंच, आणि बागही फ्रेंच. आमच्या कॉलेजात असं काही मांडलं असतं तर ज्यूरीने सोलून काढलं असतं. त्याने त्याच नियमावर एका राजधानीचा तोंडवळा बदलला.

बाप १६८१ मध्ये वारला. दरबारचा वास्तुकार ही नेमणूक धाकट्याला आधीच, रोममध्ये शिकत असतानाच, मिळून गेली होती. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याकडे बापाचं अर्धं काम आलं, ते म्हणजे ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा. जुना राजवाडा १६६१ च्या शेवटी जळाला होता आणि राणी हेडविग एलिओनोराने पुढच्याच वर्षी थोरल्या टेसिनला नवा बांधायला सांगितला होता. ही हेडविग एलिओनोरा या गोष्टीतली सगळ्यात टिकाऊ व्यक्ती. तेविसाव्या वर्षी विधवा झाली, मग पंचावन्न वर्षं राजमाता म्हणून राहिली, मुलाच्या आणि नातवाच्या नावाने कारभारात बसली आणि सारखी बांधत राहिली. राजे लढाया करायचे, ही इमारती काढायची. टेसिन घराण्याचा खरा आश्रयदाता शोधायचा तर तो हीच.

ड्रॉटनिंगहोमची बाग धाकट्याची. उन्हाळ्यात आम्ही बोटीने तिकडे जातो. बागेतले ब्राँझचे पुतळे मूळचे आद्रियान द व्रीस या शिल्पकाराचे. ते इथे केलेले नाहीत, लुटीतून आले. काही १६४८ मध्ये प्रागहून, काही डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्गहून. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आपल्याकडच्या देवळांत टांगल्या गेल्या, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की टेसिनने लुटीच्या मालाभोवती पूर्ण बाग बेतली, आणि आता तो माल तिथलाच वाटतो.

दरबारी वास्तुकार म्हणजे फक्त इमारती बांधणारा, असा माझा समज टेसिन वाचताना हळूहळू विरघळला. स्टूरशिर्कान या जुन्या चर्चमध्ये राजघराण्याला बसायला १६८४ मध्ये दोन भव्य आसनं केली, वर सोनेरी मुकुट, खाली पडद्यासारखं लाकूड. आराखडा टेसिनचा, कोरीवकाम बुर्कहार्ड प्रेख्तचं. १६९३ मध्ये राणी उलरिका एलिओनोरा, कार्ल बाराव्याची आई, वारली. तिच्या अंत्यविधीसाठी रिडारहोल्मच्या चर्चमध्ये जो शोकमंडप उभारला तोही टेसिनचाच. लाकूड, कापड, रंग आणि शेकडो मेणबत्त्यांचं हे तात्पुरतं बांधकाम. थोड्या दिवसांसाठी मृत्यूलाही राजवाडा मिळावा म्हणून उभारायचं आणि मग मोडून टाकायचं. समारंभ, मिरवणुका, बागा, खुर्च्या, थडगी, पडदे, सगळं त्याच्याकडे. आज ज्याला आपण इव्हेंट मॅनेजमेंट म्हणून नाकं मुरडतो ते त्या काळी वास्तुकलेच्या मधोमध होतं. मला वाटतं, बरोक काळ, म्हणजे सतराव्या शतकातली ही थाटामाटाची, नाट्यमय शैली, समजायचा तर इमारतीपेक्षा हे मोडून टाकलेले मंडप आधी समजायला हवेत. सगळा दरबारच एक मंडप होता.

या सगळ्यासाठी पॅरिसमध्ये त्याचा एक माणूस होता, डॅनिएल क्रोनस्ट्रोम. वर्षानुवर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला. व्हर्सायमध्ये सध्या काय चाललंय, भिंतीला कोणतं कापड, आरशाची चौकट कशी, नवीन नक्षीचे छापे आले का, कारागीर कोण मोकळा आहे. क्रोनस्ट्रोमने १६९० च्या दशकात फ्रेंच कारागिरांची एक टोळीच स्टॉकहोमला धाडली. त्यात शिल्पकार रने शोव्हो आणि चित्रकार जाक फुके होते. राजवाड्यातल्या ज्या दालनाला आज कार्ल अकराव्याची गॅलरी म्हणतात तिथे वर मान करून बघा, छताचं काम या दोघांचं. पॅरिसहून दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या पत्रांवर एका माणसाने स्वीडनला फॅशनेबल ठेवलं.

१६९२ ते १६९७ या काळात टेसिनने जुन्या किल्ल्याची उत्तर बाजू नव्याने बांधून काढली. जुना किल्ला, त्रे क्रूनोर, मध्ययुगापासून वाढत आलेला. मध्ये गोल बुरूज, त्यावर तीन मुकुट, भोवती वेगवेगळ्या शतकांच्या इमारतींचं कडबोळं. त्या कडबोळ्याला टेसिनने उत्तरेकडून एक सरळ रोमन भिंत चिकटवली. काटकसरी कार्ल अकराव्याने, कार्ल बाराव्याच्या बापाने, एवढीच परवानगी दिली होती. बाकीच्या तीन बाजूंचं टेसिनच्या मनात काय होतं ते पुढच्या घटनांवरून कळतं.

५ एप्रिल १६९७ ला कार्ल अकरावा वारला. ७ मे ला दुपारी किल्ल्याला आग लागली तेव्हा त्याचं शव अजून वाड्यातच होतं. चौदा वर्षांचा नवा राजा, त्याची साठीतली आजी हेडविग एलिओनोरा आणि शवपेटी यांना आधी बाहेर काढण्यात आलं. मग जे हाती लागेल ते. राजघराण्याचं ग्रंथालय किल्ल्यातच होतं. खिडक्यांतून पुस्तकं खाली फेकत होते. त्यातच कोडेक्स गिगास, सैतानाच्या चित्रासाठी प्रसिद्ध असलेली ती अजस्र हस्तलिखित पोथी, दोन माणसांनाही जड जाईल अशी. तीही खिडकीतून खाली आली आणि वाचली. ग्रंथालयाचा दोनतृतीयांशहून जास्त भाग जळाला. मधला बुरूज ढासळला. आगीवर नजर ठेवायला नेमलेले पहारेकरी त्या वेळी जागेवर नव्हते. त्यांना सैनिकांच्या दुतर्फा रांगेतून फटके खात पळण्याची शिक्षा झाली.

टेसिनची उत्तरेकडची नवी बाजू आतून होरपळली, पण भिंती उभ्या राहिल्या.

आणि सहा आठवड्यांत नव्या राजवाड्याचा आराखडा मांडला गेला. सहा आठवडे! दर्शनी बाजू, अंगणं, राजाचं दालन, राणीचं दालन, जिने, चर्च, सभागृह. हे कुणी सहा आठवड्यांत करत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं टेबलाच्या खणात ठेवलेलं असतं, ते सहा आठवड्यांत बाहेर काढतो. आगीचा टेसिनशी काही संबंध होता असं मला सुचवायचं नाही, आणि तसा काही पुरावाही नाही. पण किल्ला जळत असताना टेसिन समोर उभा राहून काय बघत असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. बापाने ज्यात आयुष्य घालवलं ती वास्तू जळतेय, राख उडतेय, आणि मनात त्याच जागी उरलेल्या तीन बाजू सरळ रेषेत उभ्या राहतायत. आमच्या धंद्यातला माणूस हे कबूल करणार नाही, पण मोकळी साइट दिसली की डोळे चमकतात.

याच काळात फिनलंडमध्ये माणसं भुकेने मरत होती. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग. १६९५ ते १६९७ ची पिकं थंडीने गेली, आणि तिथली चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा लोकसंख्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगांत संपली. हा आकडा वाचल्यावर मी राजवाड्याचे प्लॅन बाजूला ठेवले होते. टेसिनच्या कौतुकाने लिहिलेल्या मजकुरात हा दुष्काळ सहसा येत नाही, आणि दुष्काळावरच्या लिखाणात टेसिन येत नाही. दोन्ही एकाच राज्यात, एकाच वेळी घडलं. टेसिनला याचा दोष देता येत नाही, नोकर होता तो. पण 'राजाचं वैभव डोळ्यांना दिसलं पाहिजे' हे त्याचं जन्मभराचं काम होतं, आणि ते कुणाच्या घासातून दिसत होतं हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

राजवाड्याविषयी माझं मत फार चांगलं नाही हेही सांगून टाकते. साधारण ११५ बाय १२० मीटरचा चौकोन, सहाशेहून जास्त खोल्या. चारी बाजूंना चार वेगळे अर्थ दिले आहेत: पश्चिम राजाची, पूर्व राणीची, दक्षिण राष्ट्राची, तिथे विजयकमानीसारखं प्रवेशद्वार, आणि उत्तर राजसत्तेची. नकाशावर हे वाचायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या दुपारी तीन वाजता, अंधारून आल्यावर, पुलावरून येताना समोर दिसतो तो एक भला थोरला ठोकळा. रोमच्या उन्हात जी भिंत सावल्यांनी जिवंत होते ती इथे वर्षातले बरेच महिने सपाट पडलेली असते. पण जूनमध्ये रात्री दहा वाजता ऊन तिरकं येतं, खिडक्यांवरच्या घडीव दगडाची प्रत्येक कड सुटी होते, आणि तेवढ्या आठवड्यांपुरता टेसिन बरोबर असतो. राजवाड्यात नंतर पुढच्या पिढ्यांनी केलेला रोकोको थाट, म्हणजे बरोकनंतरची ती नाजूक, वळणदार फ्रेंच सजावट, मला कधी आवडला नाही. त्यापेक्षा तळघरातलं त्रे क्रूनोरचं छोटं संग्रहालय बरं, तिथे जुन्या किल्ल्याच्या जाड भिंती हाताला लागतात.

१७०० मध्ये डेन्मार्क, पोलंडचा राजा आणि रशिया एकत्र येऊन स्वीडनवर चालून आले. कार्ल बारावा सतरा वर्षांचा असताना राजधानीतून बाहेर पडला आणि पुन्हा कधीही स्टॉकहोमला परतला नाही. हे मला अजून अविश्वसनीय वाटतं. ज्याच्यासाठी राजवाडा बांधायचा त्याने त्या शहरात पायच ठेवला नाही. राजघराणं आगीनंतर रिडारहोल्म बेटावर व्रांगेल वाड्यात जाऊन राहिलं होतं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. काम मंदावत मंदावत चालू राहिलं. १७०९ मध्ये पोल्तावा झालं आणि साइट बंद झाली. १७१० मध्ये स्टॉकहोमला प्लेग आला. शहरातली सुमारे तिसरा हिस्सा माणसं त्यात गेली. उत्तरेकडची पुरी झालेली बाजू आणि तिच्या मागे अर्धवट भिंती, अशा अवस्थेत राजवाडा अठरा वर्षं पडून होता. दगड घडवून ठेवलेले, विटांचे ढीग, मधल्या अंगणात पाणी. टेसिन रोज हे बघत होता, कारण त्याचं घर बरोबर समोर होतं.

आणि मग बेंदेरचा तो पत्रव्यवहार. कार्ल बाराव्याला वास्तुकलेची खरीखुरी आवड होती, आणि बेंदेरला वेळही होता. त्याने आपले काही अधिकारी, कोर्नेलियस लूस आणि त्याचे दोन साथीदार, कॉन्स्टँटिनोपलला आणि पुढे पॅलेस्टाईन, इजिप्तकडे पाठवले, तिथल्या इमारतींची चित्रं काढून आणायला. लूसने हागिया सोफियाच्या आतली जी चित्रं काढली त्यातली काही आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. बरीच नष्ट झाली. १७१३ च्या फेब्रुवारीत सुलतानाचा संयम संपला, जॅनिसरी सैनिकांनी राजाच्या घराला वेढा घातला, राजा मूठभर माणसांनिशी आतून लढला, घराला आग लागली आणि चित्रंही जळाली. नकाशे आणि आग यांचं या घराण्याशी काय वैर होतं कोण जाणे.

टेसिन या वर्षांत थांबला नाही. याच काळात त्याने राजवाड्याभोवतीच्या सगळ्या शहराचा आराखडा केला: उत्तरेकडे रुंद पूल, पलीकडे मोठा चौक, राजघराण्याच्या थडग्यांसाठी नवं चर्च, सगळं राजवाड्याच्या मध्यरेषेवर ओवलेलं. आधी डेन्मार्कच्या राजासाठी कोपनहेगनच्या राजवाड्याचा आराखडा करून झाला होता, १६८९ मध्ये एका ऑपेराच्या वेळी आग लागून जळालेल्या वाड्याच्या जागेवर. तो झाला नाही. त्यानंतर लूव्रचा. गुरूचा जिथे अपमान झाला तिथेच चेल्याने १७०४ च्या सुमारास आपला प्रस्ताव पाठवला, मध्ये गोल अंगण असलेला, आणि क्रोनस्ट्रोमच्या हस्ते तो लुईच्या दरबारी पोचलाही. तोही झाला नाही. होणार नाही हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. क्लायंट नसलेल्या कामाचं एक सुख असतं, त्यात कुणी भिंत हलवायला सांगत नाही.

उलट त्याचे हुद्दे मात्र चढत गेले. १६९९ मध्ये बॅरन, १७१४ मध्ये काउंट. काउंट केलं तेही दूर बसलेल्या राजाने. साइट बंद, पण आर्किटेक्ट उमराव! दरबारी कारकिर्दीची ही गणितं निराळी. त्याने लग्नही १६८९ मध्ये स्टेनबॉक या जुन्या उमराव घराण्यातल्या मुलीशी केलं होतं. गवंड्यांत वावरणाऱ्या बापाचा मुलगा राजाच्या सल्लागारांच्या मंडळात जाऊन बसला. कुणी त्याला महत्त्वाकांक्षी म्हणतं, कुणी गर्विष्ठ. दोन्ही असेल. गर्व नसता तर त्या अर्धवट भिंतींसमोर इतकी वर्षं कुणी टिकलं नसतं.

आता ते घर. १६९४ ते १७०० या काळात, म्हणजे राजवाड्याचं काम जोरात असताना, टेसिनने राजवाड्याच्या दक्षिणेच्या चढावर स्वतःसाठी वाडा बांधला. रस्त्याकडून बघितलं तर सभ्य, नीटस, आवाज न करणारा. राजासमोर आवाज वाढवायचा नाही हे दरबारात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. प्लॉट अरुंद आणि वेडावाकडा, मागे निमुळता होत जाणारा. कुठल्याही आर्किटेक्टने कपाळाला हात लावावा असा. टेसिनने त्या निमुळतेपणाचाच फायदा घेतला. मागची बाग आणि तिच्या कडेच्या भिंती अशा आखल्या की जागा आहे त्यापेक्षा कितीतरी खोल वाटते. शेवटच्या भिंतीवर खांबांची ओळ आत आत जाताना दिसते, ती बहुतेक सगळी दृष्टिभ्रमाची करामत. रोममधले नेपथ्याचे धडे त्याने घरच्या परसात उतरवले. आत छतांवर फ्रेंच पद्धतीची नाजूक वेलबुट्टी आहे, आणि ती रंगवायला राजवाड्यावरचेच फ्रेंच कारागीर होते. सरकारी कामावरचे गवंडी साहेबांच्या बंगल्यावर, हे वाचून मला हसू आलं, आणि जरा घरच्यासारखंही वाटलं.

माझ्या मते टेसिनचं सर्वोत्तम काम हेच. राजवाड्यात त्याला राजाच्या वैभवाचा हिशेब द्यायचा होता, इथे फक्त आपल्या डोळ्यांचा. छोट्या जागेत त्याचं खरं कसब दिसतं. राजवाड्याच्या चौकोनात प्रश्नच सोपे होते, जागा भरपूर, फक्त पैसे हवेत. या घरात पैसे होते, जागा नव्हती, आणि म्हणून डोकं चालवावं लागलं.

कार्ल बारावा १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतल्या एका किल्ल्याच्या वेढ्यात गोळी लागून मेला. युद्ध १७२१ मध्ये संपलं, तेव्हा बाल्टिकच्या पलीकडचं राज्य बहुतेक गेलेलं होतं. ज्या महासत्तेसाठी हा राजवाडा आखला ती आता नव्हती, आणि निरंकुश राजाही उरला नव्हता. सत्ता संसदेकडे गेली होती. तरी १७२७ मध्ये त्याच संसदेने राजवाडा पुरा करायला पैसे मंजूर केले. टेसिन तेव्हा त्र्याहत्तरचा. कामगार पुन्हा साइटवर आले, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो वारला.

पुढे काम कार्ल होर्लेमानकडे गेलं, टेसिनच्या बागांचा जोडीदार असलेल्या माळी होर्लेमानचा तो मुलगा. त्याने टेसिनची दर्शनी बाजू जवळजवळ जशीच्या तशी ठेवली, आतली सजावट मात्र नव्या चवीची केली, तेव्हा पॅरिसमध्ये रोकोको आलं होतं. होर्लेमानही १७५३ मध्ये वारला. १७५४ मध्ये राजा अडॉल्फ फ्रेडरिक आणि राणी लोविसा उलरिका राजवाड्यात राहायला आले. थोड्या दिवसांसाठी गेलेलं राजघराणं सत्तावन्न वर्षांनी परतलं. उत्तरेकडच्या पुलाचं काम तर १७८७ मध्ये सुरू होऊन १८०७ मध्ये संपलं, पण तो टेसिनने आखलेल्या रेषेवरच गेला. आणि २०११ पासून राजवाड्याच्या भिंतीवरचा गोटलंडचा वालुकाश्म बदलण्याचं काम चालू आहे. दगड मऊ, कोरायला सोपा, म्हणून त्या काळी निवडला होता, आता तो हवेने झिजतोय. त्यामुळे या ना त्या बाजूला परांची असतेच. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे फोटो खराब होतात, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करते.

टेसिनचा मुलगा कार्ल गुस्ताफ वास्तुकार झाला नाही. बापाचं अधिकारपद काही काळ सांभाळलं, पण त्याचा जीव राजकारणात आणि चित्रांत. पॅरिसमध्ये राजदूत असताना त्याने बुशे या फ्रेंच चित्रकाराची चित्रं घेतली, १७४१ मध्ये क्रोझा या पॅरिसच्या धनिकाच्या संग्रहाच्या लिलावात जुन्या उस्तादांची रेखाटनं मोठ्या संख्येने घेतली, आणि कर्जात बुडाला. शेवटी चित्रांचा मोठा भाग राजघराण्याला विकला. आज राष्ट्रीय संग्रहालयाचा जो अभिमान आहे त्याचा पाया हाच. बापाचे, आजोबांचे नकाशेही तिथे येऊन पोचले, झालेल्या इमारतींचे आणि न झालेल्यांचेही. पुढे त्याने राजवाड्यासमोरचा बापाचा वाडाही विकला. कार्ल गुस्ताफला मूल नव्हतं.